नोझल आपोआप बंद होत नाही? नवं घेण्याआधी वीस लिटरचा कॅन आणि घड्याळ घ्या

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. रात्रीचे नऊ वाजले असतील. थ्रेशर दुसऱ्या वावरात न्यायचा म्हणून ट्रॅक्टरची टाकी भरायला घेतली. डिझेलचा ड्रम ट्रॉलीत, पंप बॅटरीला जोडलेला, नोझल टाकीच्या तोंडात घालून खटका लॉक केलेला. आमचा सालदार टॉर्च धरून उभा होता आणि मी चार पावलांवर चुंगड्या मोजत होतो. टाकी भरली की नोझल 'टक' करून बंद होईल, हा भरवसा. ते बंद झालंच नाही. "दादा, बंदच नाही होऊन राह्यलं हे!" असं तो ओरडेपर्यंत डिझेल बॉनेटवरून खाली ओघळायला लागलं होतं. सायलेन्सर अजून गरम होता आणि दहा पावलांवर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. चार-पाच लिटर डिझेल मातीत गेलं, बाकी काही झालं नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन नवं नोझल आणलं. घरी अंगणात लावून पाहिलं, छान चाललं. वावरात नेलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. हरभऱ्याच्या वेळी आणखी एकदा. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, दुसऱ्या कंपनीचं घेऊन पाहू." तेव्हा मात्र मी ठरवलं की आता पैसे खर्च करायचे नाहीत, आधी हे चालतं कसं ते समजून घ्यायचं. समजलं तेव्हा लक्षात आलं की पहिलं नोझलसुद्धा चांगलंच होतं. दोष पंपाच्या वायरीत आणि ड्रमच्या जाळीत होता, आणि मी शिक्षा नोझलला देत होतो.

आपल्याकडे पेट्रोल पंप दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. हंगामात ट्रॅक्टर, थ्रेशर, पंजाबहून आलेलं हार्वेस्टर, जेसीबी, सगळ्यांना डिझेल वावरातच लागतं. त्यामुळे 12 व्होल्टचे हे छोटे पंप आता गावोगावी दिसतात. तक्रारही सगळ्यांची एकच. म्हणून मी जे जे तपासलं ते इथे लिहितो.

नोझलला टाकी भरल्याचं कळतं कसं

नोझलच्या नळीच्या टोकाशी नीट पाहा. काडीपेटीतल्या काडीएवढं, कधी त्याहून बारीक, एक छिद्र दिसेल. त्या छिद्रातून एक बारीक नळी आतल्या आत नोझलच्या पोटापर्यंत जाते. पोटात डिझेल एका अरुंद जागेतून जोरात जातं, आणि जोरात जाताना आजूबाजूची हवा ओढतं. मोटरसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलला ओढते, तेच तत्त्व. इथे डिझेल हवेला ओढतं. ही ओढली जाणारी हवा टोकाच्या छिद्रातून येत राहते, तोवर सगळं शांत.

टाकी भरत आली की डिझेल त्या छिद्रापर्यंत पोहोचतं आणि छिद्र बुडतं. हवा यायची बंद होते, पण आतली ओढ चालूच असते. मग पोटातल्या रबरी पडद्यामागे पोकळी तयार होते, पडदा ओढला जातो, त्याला जोडलेली पिन सरकते, खटक्याचा आधार सुटतो आणि स्प्रिंग झडप बंद करते. तो 'टक' आवाज या सुटण्याचा.

यात वीज नाही, सेन्सर नाही. सगळं काम हवेच्या ओढीवर चालतं, आणि ओढ डिझेलच्या वेगावर. डिझेल हळू वाहत असेल तर ओढ इतकी दुबळी असते की छिद्र बुडलं तरी पडदा हलत नाही. नोझल पूर्णपणे धडधाकट असूनही बंद होत नाही. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं.

म्हणून आधी प्रवाह मोजा

बहुतेक स्वयंचलित नोझलला मिनिटाला निदान 10 ते 15 लिटर प्रवाह लागतो. सोबतच्या कागदावर किंवा नोझलच्या अंगावर हा आकडा लिहिलेला असतो, तो पाहून घ्या. पंपावर मात्र 40 किंवा 60 लिटर लिहिलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवून बसतो. पंपावरचा आकडा पूर्ण व्होल्टेज, आखूड पाइप आणि स्वच्छ जाळी धरून दिलेला असतो. वावरात यातलं एकही नसतं.

वीस लिटरचा कॅन घ्या, पंप नेहमी जसा लावता तसाच लावा. तीच वायर, तोच ड्रम, तीच बॅटरी. खटका पूर्ण दाबा आणि मोबाइलवर वेळ लावा, पण मोबाइल कॅनच्या तोंडाशी नको, दुसऱ्या माणसाच्या हातात लांब ठेवा. वीस लिटर भरायला 30 सेकंद लागले तर मिनिटाला 40 लिटर. एक मिनिट लागलं तर 20. दीड मिनिटाच्या जवळ गेलात तर 13 लिटर, म्हणजे नोझल बंद होईल की नाही याचा काही भरवसा नाही.

माझा कॅन भरायला 1 मिनिट 50 सेकंद लागले. मिनिटाला जेमतेम 11 लिटर. पंपावर 40 लिहिलेलं. नवं नोझल अंगणात का चाललं तेही तेव्हाच उलगडलं: त्या दिवशी बॅटरी रात्रभर चार्ज केलेली होती, आणि डिझेल स्वच्छ कॅनमधून घेतलं होतं, ड्रममधून नाही.

प्रवाह कुठे मरतो

सगळ्यात आधी वायर पाहा. मी ही सगळ्यात शेवटी पाहिली, तुम्ही तसं करू नका. 12 व्होल्टचा हा पंप चालताना सुमारे 20 अँपिअर ओढतो. घरातल्या बोर्डाच्या हिशेबाने आपण दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर लावून देतो, कारण हाताशी तीच असते. हिशेब करून पाहा. पाच मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. दीडच्या वायरीत 20 अँपिअरला जवळपास 2.4 व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बॅटरीवर 12 असले तरी पंपापर्यंत साडेनऊच पोहोचतात. अडीचच्या वायरीत दीड व्होल्ट जातात, चारच्या वायरीत 0.9 आणि सहाच्या वायरीत 0.6 च्या आसपास. 230 व्होल्टच्या मोटरला 2.4 व्होल्ट गेले तर फरक पडत नाही, 12 व्होल्टच्या पंपाचा तो पाचवा हिस्सा असतो. वायर हाताला गरम लागत असेल तर मीटर लावायचीही गरज नाही, उत्तर मिळालं.

मीटर असेल तर पंप चालू असताना थेट पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. पंप बंद असताना मोजलेलं व्होल्टेज काहीच सांगत नाही. चालू पंपावर 11 च्या खाली आकडा दिसला तर वायर, चिमटे आणि बॅटरी हे तिन्ही पाहा. चिमट्यांच्या दातांवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासा. चिमट्यात वायर नुसती पिळून अडकवलेली असेल तर ती काढून नीट डाग (सोल्डर) लावून किंवा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. आणि बॅटरीच्या जवळ पॉझिटिव्ह वायरीत फ्यूज हवाच. किती अँपिअरचा ते पंपाच्या पाटीवर लिहिलेलं असतं. वायर ट्रॉलीच्या फाळक्यात दाबली गेली आणि फ्यूज नसेल तर काय होईल, ते डिझेलच्या ड्रमशेजारी उभं राहून आठवून पाहा.

एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: पंप फिरतो, आवाज येतो, पण डिझेल येतच नाही. लाल-काळा उलटा लावलाय का, ते आधी बघा. या पंपांच्या मोटरला आत चुंबक असतं, वायर उलटी झाली की मोटर उलटी फिरते आणि ओढण्याऐवजी ड्रममध्ये बुडबुडे सोडते. अंधारात घाईने लावताना हे हमखास होतं. मी चिमट्यांना लाल आणि काळी टेप गुंडाळून ठेवली आहे.

वायरीनंतर जाळी. पंपाच्या ओढत्या पाइपच्या तळाला जाळी असते आणि बऱ्याच पंपांच्या तोंडातही एक छोटी जाळी असते. ही दुसरी अनेकांना माहीतच नसते, कारण ती कनेक्शन खोलल्याशिवाय दिसत नाही. माझ्या ड्रमच्या जाळीवर काळा, चिकट, लोण्यासारखा थर होता. त्यात कुटाराचे तुकडे आणि कापसाचे तंतू. ते लोणी म्हणजे डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणारे जंतू. ड्रममध्ये पाणी जातं कसं, हा पुढचा प्रश्न. ड्रम उभा ठेवला की वरच्या काठाच्या आत पावसाचं पाणी साचतं आणि बूच त्या पाण्यात बुडून राहतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री थंड झाला की तो श्वास आत घेतो, आणि बुचाच्या आट्यांमधून पाणी ओढून घेतो. बूच घट्ट लावलं असं वाटलं तरी हे होतं. पावसाळ्यात ड्रम छपराखाली ठेवा. ते जमत नसेल तर एका बाजूला विटेचा तुकडा लावून असा तिरका ठेवा की साचलेलं पाणी बुचांपर्यंत पोहोचणार नाही. आणि ओढता पाइप तळाला टेकवू नका, दोन इंच वर ठेवा. तळातलं पाणी आणि गाळ तिथेच राहू द्या, हंगाम संपला की तो वेगळा काढा.

जाळी धुतल्यावर माझा कॅन एका मिनिटात भरला. वायर दीडची काढून सहाची टाकली, तेव्हा 36 सेकंदांत. म्हणजे 11 लिटरवरून 33 लिटर. तेच जुनं, मी फेकायला काढलेलं पहिलं नोझल लावलं आणि ते पहिल्याच वेळी टकदिशी बंद झालं.

आता एक असा दोष, जो शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तो येतो आणि जातो. पंप सुरू केला की प्रवाह जोरात, तीन-चार मिनिटांनी मंदावतो, नेमकी टाकी भरत आली की नोझल बंद होत नाही. थोडं थांबून पुन्हा लावलं की पुन्हा जोरात. हे ड्रमच्या हवेमुळे होतं. दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रमला वर दोन बुचं असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. दोन इंचीत पंप बसवतो आणि पाऊण इंची घट्ट बंद ठेवतो, कचरा जाऊ नये म्हणून. मग डिझेल बाहेर येतं तितकी हवा आत जायला वाटच नाही. ड्रममध्ये पोकळी वाढत जाते आणि पंपाला ओढणं जड होतं. पंप चालू असताना ड्रमच्या पत्र्याचा 'डब्ब' असा आवाज आला असेल तर हेच आहे असं समजा. पाऊण इंची बूच दोन-तीन आटे सैल करा, त्यावर कापडाचा तुकडा टाका. काम झालं की पुन्हा घट्ट करा.

पाइपही पाहा. ओढत्या बाजूला बागेचा प्लास्टिक पाइप लावणारे बरेच आहेत. आपल्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात तो पाइप मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो. थंडीत हाच पाइप नीट चालतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. शिवाय असला प्लास्टिक पाइप डिझेलमध्ये राहून काही महिन्यांत कडक होतो आणि जोडावर तडकतो. ओढत्या बाजूला आत तार घातलेला, डिझेलला चालणारा पाइपच हवा. जोडावर क्लॅम्प घट्ट हवा, नाहीतर तिथून हवा ओढली जाते आणि नोझलमधून डिझेल फुसफुसत, तुटक-तुटक येतं. अशा तुटक धारेवर नोझल कधी लवकर बंद होतं तर कधी होतच नाही.

राहिली पंपाची बायपास झडप. नोझल बंद असताना पंप चालूच राहिला तर डिझेल पंपातल्या पंपात फिरतं, त्यासाठी ही झडप असते. तिच्याखाली कचरा अडकला की ती अर्धी उघडीच राहते, पंप व्यवस्थित गुणगुणतो आणि डिझेल मात्र कमी येतं. खोलून धुतली की काम होतं. पंप असा बंद नोझलवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, आतलं डिझेल आणि मोटर दोन्ही तापतात. 'टक' झालं की पंपाचा स्विच बंद करायची सवय लावा.

पंपाशिवाय, ड्रम उंचावर ठेवून नुसत्या उताराने डिझेल सोडणाऱ्यांनी स्वयंचलित नोझलची आशाच सोडावी. ड्रम एक मीटर उंच ठेवला तर दाब मिळतो जेमतेम 0.08 बार. त्यात हे नोझल चालत नाही, काही तर उघडतसुद्धा नाहीत. हाताने फिरवायच्या पंपाचंही तेच. तिथे साधं, हाताने बंद करायचं नोझल लावा आणि नजर टाकीवर ठेवा.

प्रवाह चांगला, तरी बंद होत नाही

आता मात्र नोझलकडे वळा. एक बादली घ्या, डिझेल चालू करा, आणि नळीचं टोक बादलीतल्या डिझेलमध्ये बुडवा. लगेच 'टक' व्हायला पाहिजे. झालं, तर नोझल ठीक आहे आणि टाकीत ते चुकीच्या पद्धतीने धरलं जातंय. हार्वेस्टरच्या काही टाक्यांचं तोंड बाजूला असतं. तिथे नळी पुरेशी आत जात नाही, छिद्र वरच राहतं आणि डिझेल त्याच्या खालूनच बाहेर सांडतं. नळी जाईल तितकी आत आणि टोक खाली, असं धरावं लागतं.

अर्धा खटका दाबून हळूहळू भरणाऱ्यांचीही हीच अडचण. आपण स्वतःच प्रवाह कमी करतो आणि नोझलची ओढ मारतो. टाकी काठोकाठ भरायला शेवटी हळू सोडतो, तेव्हाच ते सांडतं.

बादलीतही बंद झालं नाही तर हवेची वाट कुठेतरी फुटली आहे. नळी हाताने हलवून पाहा. ती नोझलच्या अंगात सैल बसली असेल किंवा तिथली रबरी रिंग गेली असेल, तर हवा तिथूनच आत जाते. छिद्र बुडलं तरी पोकळी होत नाही. नोझल ट्रॉलीतून खाली पडणं हे याचं नेहमीचं कारण. रिंग बदला, नळी घट्ट करा. तरीही नाही, तर आतला रबरी पडदा फाटला किंवा फुगला असेल. बायोडिझेलचं प्रमाण जास्त असलेलं इंधन आणि पेट्रोल यांनी काही रबर फुगतात. स्वस्तात मिळालेलं 'डिझेल' वापरलं असेल तर पडदा आधी तपासा. काही नोझलचे पडदे सुटे मिळतात. मिळाला नाही तर नवं नोझल घ्या, आता तो खर्च योग्य जागी होतोय.

उलटी तक्रार: सारखं बंद पडतं

टाकी रिकामी आणि नोझल दर दोन सेकंदांनी 'टक', 'टक'. वैताग येतो आणि माणूस खटक्याला तार बांधून ठेवतो. तार बांधू नका. तार बांधली की बंद होण्याचा मार्गच संपला.

पहिलं कारण छिद्रात कचरा. आपल्याकडे नोझल ट्रॉलीत कुटारावर, मातीवर, कुठेही पडलेलं असतं. छिद्र कचऱ्याने बुजलं म्हणजे नोझलच्या लेखी टाकी भरलेलीच आहे. झाडूच्या प्लास्टिकच्या काडीने साफ करा, मग हवा मारा. लोखंडी तार घालू नका, आतली बारीक नळी फुटली की वर सांगितलेला उलटा रोग लागतो.

दुसरं कारण फेस. डिझेलला फेस येतो, आणि ट्रॅक्टरच्या टाकीच्या तोंडात जाळी असेल तर डिझेल तिथे तुंबून फेस वर चढतो आणि छिद्र झाकतो. टाकीची जाळी धुऊन पाहा. नळी थोडी फिरवून धार टाकीच्या भिंतीला लागेल अशी धरली तर फेस कमी येतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तर झाकण काढताना 'सूं' असा आवाज येतो. त्याचा भरण्याशी संबंध नसला तरी ते छिद्र मोकळं करून घ्या, इंजिनला डिझेल कमी पडायचं तेही एक कारण आहे.

तिसरं कारण फार थोड्यांना माहीत आहे. काही नोझलच्या नळीत हवेच्या वाटेवर एक छोटी गोळी असते. नोझल आडवं किंवा वर तोंड करून धरलं की गोळी घरंगळते आणि हवेची वाट बंद करते, म्हणजे नोझल जमिनीवर पडलं तर आपोआप बंद व्हावं. सोय चांगली आहे, पण आपण खाली ठेवलेल्या कॅनमध्ये नोझल आडवं घालतो आणि ते बंद पडत राहतं. टोक खाली करा, चालतं.

बंद झाल्यावर थेंब-थेंब गळत असेल तर नळीत राहिलेलं चार थेंब डिझेल कोणत्याही नोझलचं गळतंच. मिनिटभरानंतरही गळत असेल तर मुख्य झडपेखाली कचरा आहे. पंपाच्या बाहेरच्या बाजूला, नोझलच्या आधी, फिल्टर लावला असेल तर हे बहुधा होत नाही. फक्त तो फिल्टर वेळेवर बदला, कारण तुंबलेला फिल्टर पुन्हा प्रवाहच मारतो आणि आपण परत पहिल्या दोषापाशी येतो.

आगीबद्दल

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, असं म्हणून आपण निर्धास्त असतो. आपल्या देशातल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट निदान 35 अंश असावा, एवढीच मानकाची अट आहे. म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या मे महिन्यात सावलीतलं तापमान याच्या बरंच वर असतं, उन्हातल्या ड्रमचं तर विचारूच नका. म्हणून इंजिन बंद, बिडी लांब, सायलेन्सर थोडा निवू द्या. चिमटे आधी लावा आणि मगच नोझल टाकीत घाला. काढताना नोझल आधी बाहेर, स्विच बंद, चिमटे शेवटी. चिमटा लावताना-काढताना ठिणगी उडते, ती उघड्या टाकीजवळ उडू नये. नळी टाकीच्या धातूच्या तोंडाला टेकलेली असू द्या, म्हणजे स्थिर वीज साचत नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये ही काळजी दुप्पट घ्या. सांडलं तर माती टाका, पाणी ओतू नका. विहीर जवळ असेल तर ती माती उचलून लांब न्या. आणि डिझेलच्या या पंपाने पेट्रोल कधीच काढू नका. त्याच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते फिरताना ठिणग्या टाकतात.

कायद्याचं विचारणारे बरेच आहेत. पेट्रोलियम कायदा 1934 प्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवायला परवाना लागत नाही. शेतकऱ्याचे एक-दोन ड्रम यात सहज बसतात.

शेवटी 'टक' झाल्यानंतरची गोष्ट. पहाटे टाकी भरताना नोझल बंद झालं की आपण आणखी दोनदा खटका दाबून काठोकाठ भरतो, दिवसभर पुरावं म्हणून. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला हजार लिटरमागे साधारण 0.83 लिटर. पहाटे 25 अंशाला भरलेली 60 लिटरची टाकी दुपारी 45 अंशाला गेली की एक लिटर डिझेल जास्त होतं, आणि ते झाकणाच्या छिद्रातून बॉनेटवर, तिथून सायलेन्सरकडे येतं. तेव्हा कुणी जवळ उभंही नसतं. आमच्याकडे आता पहिल्या 'टक'नंतर खटका दाबायचा नाही, नोझल काढायचं, कापडी पिशवीत घालून ट्रॉलीच्या फाळक्याला तोंड खाली करून टांगायचं, असा नियम आहे. सालदाराने तो माझ्याआधी पाळायला सुरुवात केली.